नवा कॉम्प्युटर खोक्यातच राहू द्या, आधी वही भरा

नवं मशीन घरात आलं की हात शिवशिवतात, मला माहीत आहे. खोकं फोडायचं, चालू करायचं, जुन्यावरचं सगळं पेनड्राइव्हवर ओढायचं आणि संध्याकाळपर्यंत मोकळं व्हायचं. मी हे असंच केलंय, दोनदा. दोन्ही वेळा ज्या फाइल्सची धास्ती होती त्या बहुतेक सुखरूप आल्या. जे गेलं, ते कॉम्प्युटरवर कुठेतरी ठेवलेलं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

मी मुद्रितशोधनाचं काम करते, सतरा वर्षं झाली. दिवसभर वर्ड उघडं, शेजारी पीडीएफ, ब्राउझरमध्ये शब्दकोश. पहिल्यांदा मशीन बदललं तेव्हा डेस्कटॉपवरचं सगळं उचलून नेलं आणि जुनं मशीन लगेच पुसून दुसऱ्याला देऊन टाकलं. नव्यावर बघते तर 'चालू कामं' नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं की 'सापडत नाही' असा निरोप. नीट पाहिलं तेव्हा दिसलं की चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण आहे आणि आकार जेमतेम १ केबी. मी फोल्डर नेलाच नव्हता, त्याचा शॉर्टकट नेला होता. खरा फोल्डर डी ड्राइव्हवर होता आणि तो ड्राइव्ह पुसला गेला होता. प्रकाशकांना पाठवलेल्या मेलमधून निम्मंअर्धं काम परत मिळालं.

दुसऱ्या वेळी डी ड्राइव्ह अगदी डोळ्यांत तेल घालून नेला. त्या वेळी वर्डचा माझा स्वतःचा शब्दकोश गेला. नऊ वर्षं एकेका शब्दावर उजवं क्लिक करून 'अॅड टू डिक्शनरी' म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी सगळं पान लाल रेघांनी भरून आलं तेव्हा कळलं.

तिसऱ्या खेपेला शहाणी झाले आणि वही घेतली.

वहीत काय लिहायचं

साधी वही, कीबोर्डशेजारी उघडी ठेवायची, आठ दिवस. जुन्या कॉम्प्युटरवर नेहमीचंच काम करत राहायचं आणि हात ज्या ज्या गोष्टीकडे विचार न करता जातो ती टिपून ठेवायची. कॉम्प्युटरमध्ये काय काय आहे याची यादी करू नका, ती कधीच पुरी होत नाही. तुम्ही काय वापरता त्याची करा.

माझ्या वहीतलं सोमवारचं पान असं होतं: 'पमन' टाइप केलं की 'परिच्छेद मोडू नये' आपोआप उमटतं. स्कॅनर थेट 'स्कॅन २' या फोल्डरात टाकतो. ब्राउझरच्या पट्टीवरची तिसरी खूण (बुकमार्क). माउसचा बाण मोठा आणि काळा. उजवीकडचा मॉनिटर थोडा वर लावलेला, म्हणून बाण तिरका जातो. वर्डचं पान उघडतं तेच मुळी रुंद समास असलेलं. वायफायचा पासवर्ड राउटरला चिकटवलेल्या कागदावर नाही, बदललेला आहे.

यातली एकही गोष्ट मला 'तुझ्या कॉम्प्युटरवर काय आहे?' असं विचारल्यावर आठवली नसती.

आठ दिवसांत न येणाऱ्या गोष्टीही असतात. महिन्यातून एकदा बिलं काढायची एक्सेलची शीट, वर्षातून एकदा उघडायचं कराचं काम, डिजिटल सही. त्यांच्यासाठी वहीचं शेवटचं पान वेगळं ठेवा. आणि काही गोष्टींना हात लागतच नाही, त्या आपल्या आपण चालतात. मला सातव्या दिवशी लक्षात आलं की रोज रात्री दहाला बाहेरच्या डिस्कवर एक प्रत आपोआप जाते. ते काम 'टास्क शेड्यूलर'मध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणाऱ्या विंडोजच्या सोयीत, कधीकाळी मीच लावून ठेवलं होतं आणि विसरले होते.

दडून बसलेल्या जागा

मी विंडोजवर काम करते, म्हणून पुढचं बरंचसं विंडोजचं आहे. मॅकवरून मॅकवर जाणाऱ्यांचं सोपं: 'युटिलिटीज'मध्ये 'मायग्रेशन असिस्टंट' आहे, तो खाती, प्रोग्रॅम, सेटिंग्ज सगळं उचलून नेतो. दोन्ही मशीन केबलने जोडा नाहीतर टाइम मशीनची, म्हणजे मॅकच्या बॅकअपची, डिस्क लावा आणि झोपायला जा. एकच बघा, जुन्या मॅकवर ३२ बिटचं एखादं लाडकं सॉफ्टवेअर असेल तर ते २०१९च्या कॅटलिनापासून पुढे चालत नाही. ते नेऊन उपयोग नाही, त्यातला मजकूर आधीच दुसऱ्या स्वरूपात काढून घ्या.

विंडोज ७च्या काळात 'इझी ट्रान्सफर' नावाची सोय विंडोजमध्येच होती. विंडोज १० आलं आणि ती गेली. आता 'विंडोज बॅकअप' आहे, पण ते मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर चालतं, फाइल्स वनड्राइव्हवर ठेवतं आणि तिथे फुकटची जागा ५ जीबी. सेटिंग्जसाठी वापरा, उपयोगी आहे. वॉलपेपर, वायफायचे पासवर्ड, भाषेची पसंती वगैरे येतं. पण 'सगळं आलं' असं त्यावर विसंबून समजू नका. तुमचे प्रोग्रॅम त्यातून येत नाहीत, फार तर त्यांची चिन्हं येतात.

प्रोग्रॅमवरून आठवलं. 'प्रोग्रॅम फाइल्स' हा फोल्डर कॉपी करून नव्यावर टाकू नका. प्रोग्रॅमच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, असतात, इतर फोल्डरांत असतात. नुसता फोल्डर नेला तर बहुतेक प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत, नाहीतर अर्धवट चालतात आणि ते जास्त वाईट. प्रोग्रॅम नव्याने टाकायचे, त्यांच्यातला आपला माल मागाहून आणायचा.

हा माल असतो 'अॅपडेटा' नावाच्या फोल्डरात. तो लपवलेला असतो. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर टिचकी मारली की तुमच्या नावाच्या फोल्डरात फिकट रंगात दिसायला लागतो. आत तीन खण: 'लोकल', 'लोकललो' आणि 'रोमिंग'. माझ्या कामाचं बरंचसं 'रोमिंग'मध्ये निघालं.

वर्डचा तो शब्दकोश 'रोमिंग', मग 'मायक्रोसॉफ्ट', मग 'यूप्रूफ' या फोल्डरात असतो, 'कस्टम' नावाची डीआयसी फाइल. नोटपॅडमध्ये उघडून बघा, एका ओळीत एक शब्द, बस. इतकी साधी गोष्ट! नऊ वर्षांचे माझे शब्द काही केबींत मावत होते आणि मी ते पुसले. ऑटोकरेक्टची, म्हणजे 'पमन'सारख्या आपोआप बदलणाऱ्या शब्दांची, यादी 'मायक्रोसॉफ्ट'मधल्याच 'ऑफिस' फोल्डरात एसीएल फाइलमध्ये असते. प्रत्येक भाषेची फाइल वेगळी आणि नावात भाषेचा आकडा: अमेरिकन इंग्रजीसाठी १०३३, मराठीसाठी ११०२. माझं 'पमन' ११०२मध्ये होतं. समास, शैली, पानाचा आकार हे सगळं 'टेम्प्लेट्स' फोल्डरातल्या 'नॉर्मल' या फाइलमध्ये. ठळक किंवा तिरपं करून ठेवलेलं ऑटोकरेक्टही याच फाइलमध्ये जातं, एसीएलमध्ये नाही. या तिन्हींची ने-आण वर्ड बंद असतानाच करायची. उघडं असलं तर बंद करताना वर्ड स्वतःच्या आठवणीतलं त्यावर लिहून टाकतं आणि तुम्ही आणलेलं गेलं.

चिकटचिठ्ठ्यांची गोष्ट सांगते, कारण ती बाबांची आहे. त्यांचं मशीन मी बदलून दिलं, सगळं नीट झालं म्हणून खूश होते. तिसऱ्या दिवशी फोन.

"अगं, माझे पिवळे कागद कुठे गेले?"

"कुठले कागद, बाबा?"

"स्क्रीनवरचे. उजव्या कोपऱ्यात असायचे चार. चष्म्याचा नंबर होता त्यात."

"ते 'स्टिकी नोट्स' होते. तुम्ही कधी म्हणाला नाहीत."

"मला काय माहीत ते वेगळं न्यावं लागतं? ते तर समोरच होते."

ते समोरच होते, हेच तर. नशिबाने त्यांची जुनी डिस्क मी तशीच ठेवली होती. विंडोज १०च्या चिठ्ठ्या 'लोकल'मधल्या 'पॅकेजेस'मध्ये असतात. तिथे 'स्टिकीनोट्स' हा शब्द असलेला लांबलचक नावाचा फोल्डर शोधायचा, त्यात 'लोकलस्टेट', आणि त्यात 'प्लम' नावाची एसक्यूलाइट फाइल. तिच्यासारख्याच नावाच्या आणखी दोन फाइल्स शेजारी दिसल्या तर त्याही न्या. अगदी ताज्या चिठ्ठ्या कधीकधी मुख्य फाइलमध्ये उतरलेल्याच नसतात, शेजारणीकडे असतात. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने साइन इन केलेलं असेल तर हा उद्योग करावा लागत नाही, चिठ्ठ्या आपोआप येतात. बाबांनी केलेलं नव्हतं.

मेल, ब्राउझर आणि पासवर्ड

मेल ब्राउझरमध्येच बघत असाल तर हा परिच्छेद सोडून द्या. आउटलुक किंवा थंडरबर्ड वापरत असाल तर आधी एक गोष्ट शोधा: तुमचं खातं आयमॅप आहे की पॉप. आयमॅप असेल तर पत्रं सर्व्हरवर आहेत, नव्यावर खातं जोडलं की उतरतील. पॉप असेल तर जुनी पत्रं फक्त तुमच्या डिस्कवर असण्याचा संभव दाट. आउटलुकमध्ये ती पीएसटी फाइलमध्ये असतात. ओएसटी नावाची दिसली तर ती सर्व्हरची प्रत, ती नेऊन उपयोग नाही, नव्यावर परत तयार होते. थंडरबर्डचा सगळा संसार 'रोमिंग'मधल्या 'थंडरबर्ड' फोल्डरात, 'प्रोफाइल्स'च्या आत. प्रोग्रॅम बंद करून तो आख्खा प्रोफाइल फोल्डर उचलायचा. नव्यावर थंडरबर्ड टाका, एकदा उघडून बंद करा, मग 'अबाउट प्रोफाइल्स' या पानावरून त्याला तुमचा आणलेला फोल्डर दाखवा. पत्रं, पत्ते, गाळण्या, सही, सगळं जागच्या जागी दिसतं.

फायरफॉक्सचंही तसंच, प्रोफाइल नेला की पासवर्डसुद्धा येतात. क्रोमचं तसं नाही. क्रोमचा फोल्डर नेला तर खुणा येतील पण पासवर्ड येणार नाहीत, कारण त्यांचं कुलूप त्या विंडोजच्या त्या वापरकर्त्याशी बांधलेलं असतं. त्यासाठी सिंक (खात्यातून दोन्ही मशीन जुळवून ठेवायची सोय) चालू करा, नाहीतर पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाइल काढा. या सीएसव्हीबद्दल एकच: ती उघडी असते. कोणीही एक्सेलमध्ये उघडून तुमचे सगळे पासवर्ड ओळीने वाचू शकतं. नव्यावर घेतली की त्याच मिनिटाला दोन्हीकडून आणि पेनड्राइव्हवरून पुसा, रिसायकल बिनमधूनही. 'मग पुसू' म्हणालात तर ती वर्षभर डाउनलोड्समध्ये पडून राहील. माझी राहिली होती.

आणि हे सगळं करायच्या आधी, तुमच्या मुख्य खात्याला कोणता फोन नंबर जोडलेला आहे ते बघा. नवं मशीन दिसलं की खातं त्या नंबरवर कोड पाठवतं. नंबर जुना असला तर तुम्ही स्वतःच्याच दाराबाहेर. जुन्या कॉम्प्युटरवर साइन इन आहात तोवर नंबर बदलणं दोन मिनिटांचं काम आहे.

डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असेल तर फक्त त्याचं सॉफ्टवेअर नव्यावर टाका. विंडोजच्या आतच बसवलेली असेल तर प्रायव्हेट कीसकट (सहीच्या गुप्त किल्लीसकट) पीएफएक्स फाइल काढून तिला पासवर्ड घाला. 'की बाहेर काढता येत नाही' असं ते म्हणालं तर ज्यांनी दिली त्यांच्याकडूनच परत घ्यावी लागेल. म्हणून जुनं पुसायच्या आधी बघा.

ज्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात 'इतक्याच कॉम्प्युटरवर' अशी अट असते, त्यातून जुन्यावर साइन आउट किंवा डीअॅक्टिव्हेट करा. विसरलात तर मेलेलं मशीन एक जागा अडवून बसतं.

मराठीचं स्वतंत्र दुखणं

युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालणाऱ्या आजच्या पद्धतीत, टाइप केलेल्या फाइल्सना काही होत नाही. पण १५-२० वर्षांपूर्वीच्या, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल्स असतील तर नव्यावर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसेल. घाबरू नका, मजकूर गेलेला नाही. त्या फाइलमध्ये मुळातच इंग्रजी अक्षरांचे आकडे आहेत, फॉन्ट त्यांना मराठी रूप देत होता. फॉन्ट आणला की मराठी परत. म्हणून जुन्या मशीनच्या 'विंडोज'मधल्या 'फॉन्ट्स' फोल्डरातून आपण टाकलेले फॉन्ट काढून ठेवा. विंडोज १०वर फक्त स्वतःच्या खात्यापुरते टाकलेले फॉन्ट तिथे नसतात, 'अॅपडेटा'तल्या 'लोकल', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'फॉन्ट्स' अशा वाटेवर असतात. माझे सहा फॉन्ट तिथे सापडले.

कळफलक कोणता वापरता तेही वहीत लिहा, नुसतं 'मराठी' लिहू नका. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये पूर्वीपासून आहे, फोनेटिक २०१९पासून. दोन्ही नव्या मशीनवर 'लँग्वेज'मधून जोडता येतात. पण कुणी वेगळं सॉफ्टवेअर वापरत असेल तर त्याची मूळ इन्स्टॉल करायची फाइल आहे का ते आत्ताच बघा. मला 'ॲ' आणि 'ऱ्या' पहिल्या दिवशी सापडेनात तेव्हा कळलं की माझी बोटं कळफलक पाठ करून बसली होती, मी नाही.

फाइलनावांचंही आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा सगळा पत्ता साधारण २६० वर्णांच्या आत असावा लागतो. बऱ्याच प्रोग्रॅमना त्यापुढचं झेपत नाही. मराठीत मात्रा, वेलांटी, पाय मोडणं, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थी' डोळ्याला तीन अक्षरं, मशीनला दहा. फोल्डरात फोल्डर आणि लांबलचक मराठी नावं असली की कॉपी मध्येच अडते. उपाय साधा: सगळ्यात बाहेरच्या फोल्डरचं नाव तात्पुरतं एका अक्षराचं करा आणि मग कॉपी करा.

प्रत्यक्ष उचलणं

आधी एक बाहेरची डिस्क घ्या, जुन्या मशीनवर भरलेल्या जागेच्या दुप्पट तरी. ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस असू द्या, या डिस्कवर फाइल्स मांडायच्या पद्धती आहेत. फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल तीवर बसत नाही, डिस्क रिकामी असली तरी. मॅककडे जायचं असेल तर एक्सफॅटच बरी, एनटीएफएसवर मॅक फक्त वाचतो, लिहीत नाही.

कॉपी करा. कट नको. कधीच नको. मध्ये वीज गेली, केबल हलली, तर कटमध्ये काय कुठे राहिलं ते शोधत बसाल.

वेळेचा अंदाज असा. जुन्या मशीनला यूएसबी २.० असेल तर कागदावर वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. हाताला लागतो त्याच्या निम्मा. ३.० असेल तर कागदावर ५ गिगाबिट. बऱ्याच मशीनवर त्या खाचेच्या आतली जीभ निळी असते, तीच वापरा. माझा १८० जीबी माल होता, यूएसबी २.०वर हिशोबाने सुमारे पावणेदोन तास. लागले सहा तास, कारण त्यात लाखभर चिल्लर फाइल्स होत्या. मोठी एक फाइल भरभर जाते, तेवढ्याच आकाराच्या दहा हजार छोट्या फाइल्स रांगत जातात. अशा फोल्डरांची आधी एकच झिप करून घेतली तर बरंच वाचतं.

कॉपी-पेस्टने मला विश्वास येत नाही, मी 'रोबोकॉपी' वापरते. व्हिस्टापासून विंडोजमध्येच असतं, वेगळं काही आणायला लागत नाही. काळी कमांडची खिडकी उघडायची, रोबोकॉपी, मग अवतरणात जुन्या फोल्डरचा पत्ता, मग अवतरणात नव्याचा, आणि पुढे काही खुणा: स्लॅश ई म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकामेसुद्धा. स्लॅश एक्सजे म्हणजे गोल गोल फिरवणारे आडवाटेचे दुवे वगळ. स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १, म्हणजे अडलेल्या फाइलवर एकदाच पुन्हा प्रयत्न कर, एक सेकंद थांबून. या शेवटच्या दोन घालायलाच हव्यात. न घातल्या तर रोबोकॉपी एका अडलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. मला हे पहिल्या रात्री माहीत नव्हतं. सकाळी उठून पाहिलं तर बिचारं एकाच फाइलचं दार ठोठावत बसलं होतं. स्लॅश एमआयआर ही खूण मात्र नवख्याने वापरू नये, ती नव्या जागेवर जास्तीचं जे दिसेल ते पुसते.

मध्येच वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची, झालेल्या फाइल्स रोबोकॉपी सोडून देतं. यासाठीच मला आवडतं.

जुनं मशीन सुरूच होत नसेल तर डिस्क काढून यूएसबीच्या खोळीत घालून बघतात. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला वेगळी वीज लागते. अरुंद पट्टीसारखी एसएसडी असेल तर तिची खोळ वेगळी. लावल्यावर बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या कुलपाने, ४८ आकड्यांची किल्ली मागितली तर दचकू नका, अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. म्हणून मशीन धड आहे तोवरच ती बघून वहीत उतरवा, सहा सहा आकड्यांचे आठ गट.

वनड्राइव्ह किंवा तसलं काही असेल तर फाइलशेजारी ढगाचं चिन्ह दिसतं का बघा. ढग म्हणजे फाइल तुमच्या डिस्कवर नाही, नुसतं नाव आहे. कॉपी करायच्या आधी त्या फोल्डरवर उजवं क्लिक करून 'नेहमी या उपकरणावर ठेव' निवडा आणि उतरू द्या.

नव्यावर मांडणं

नव्यावर आधी विंडोजचे सगळे अपडेट. मग प्रोग्रॅम. मग प्रत्येक प्रोग्रॅम एकदा उघडून बंद, म्हणजे तो आपले खण तयार करतो. आणि मग त्या खणांत आपला माल. 'अॅपडेटा' बाहेरच्या डिस्कवर पूर्ण घ्या, पण नव्यावर पूर्ण ओतू नका. जुन्या प्रोग्रॅमचा कचरा, जुन्या मशीनचे पत्ते, सगळं येऊन नव्याला खोकला लागतो. वहीत नाव आहे तेवढंच न्या.

जुन्यावर डी ड्राइव्ह होता आणि नव्यावर नुसता सी असेल तर वर्डमध्ये किंवा पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये जोडलेली चित्रं 'सापडत नाहीत' म्हणतील. ती डीवर शोधत असतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये एक वेगळा भाग करून त्याला डी हे अक्षर देता येतं. मी तेच केलं, चाळीस पुस्तकांचे दुवे हाताने दुरुस्त करण्यापेक्षा.

मग ताळा. जुन्या फोल्डरवर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', फाइल्सची संख्या आणि 'साइझ' वहीत. नव्यावर तेच. 'साइझ ऑन डिस्क' बघू नका, तो आकडा डिस्कप्रमाणे बदलतो आणि उगीच जीव खालीवर होतो. संख्येत चारदोनचा फरक असेल तर तो बहुधा 'थंब्स' किंवा 'डेस्कटॉप' नावाच्या लपलेल्या फाइल्सचा. शंभराचा असेल तर थांबा आणि शोधा. शिवाय दहा फाइल्स उघडून बघा, मुद्दाम जुन्यातल्या जुन्या. आकडे जुळूनही फाइल बिघडलेली असू शकते. साध्या कॉपी-पेस्टने नेलेल्या फाइलवरची 'तयार केल्याची' तारीख आजची दिसेल, 'बदलल्याची' जुनीच राहील. तारखेने लावायची सवय असेल तर दुसरी धरा.

यानंतर वही उघडायची आणि सोमवारच्या पानापासून एकेक ओळीवर टिक करत जायचं. 'पमन' टाइप करून बघितलं, उमटलं, टिक.

जुन्याचं काय

एक महिना हात लावू नका. वहीच्या शेवटच्या पानावरची, महिन्याची कामं एकदा नव्यावर होऊ द्या. माझ्या बाबतीत एकविसाव्या दिवशी बिलांची शीट उघडली आणि तिच्यातला मॅक्रो (एका क्लिकवर चालणारी आज्ञांची साखळी) चालेना, तो आला नव्हता. जुनं मशीन कपाटात होतं म्हणून पाच मिनिटांत निभावलं.

महिन्यानंतर सेटिंग्जमधून 'रिसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि पुढे 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू. हे शेवटचं नाही केलं तर फाइल्स नुसत्या दिसेनाशा होतात, परत काढता येतात. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून करा, काही तास लागतात. बाहेरची डिस्क मात्र पुसू नका. तिच्यावर तारीख लिहून चिठ्ठी चिकटवा, खऱ्या कागदाची.